रिवाज पाहायला निघालेल्या बेगमा

"आपा, हमारे में इसका रिवाज नहीं है."

फेब्रुवारीचे शेवटचे दिवस होते. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतील आठवीच्या मुलींना एका दिवसासाठी गावाबाहेर न्यायचे मी ठरवले होते. सहल म्हणावी एवढाही तो बेत मोठा नव्हता. सकाळी निघायचे, शिवारात फुललेला पळस पाहायचा, ओढ्याकाठी झाडाखाली बसून डबे खायचे आणि असरच्या अजानीआधी घरी परतायचे. आमच्या मुली दरवर्षी 'मौसम-ए-बहार' या विषयावर निबंध लिहितात. त्या निबंधात बुलबुल असतो, गुलाब असतो, वाहते झरे असतात. नसते ते फक्त आमच्या गावचे रान. ते एकदा त्यांनी डोळ्यांनी पाहावे, एवढाच माझा हेतू होता.

एका मुलीचे वडील संमतीचा कागद कोराच परत द्यायला शाळेत आले. माणूस भला. मुलीची फी वेळेवर भरणारा, तिच्या मार्कांची चौकशी करणारा. आवाज न चढवता, मान खाली घालून त्यांनी वरचे वाक्य उच्चारले. मुलीला शिकवा, हवे तेवढे शिकवा. पण मुलींनी रानावनात हिंडायचे, हा आपल्यात रिवाज नाही.

मी त्या वेळी वाद घातला नाही. पण 'रिवाज' हा शब्द मनात अडकून राहिला. कारण सुमारे पावणेपाचशे वर्षांपूर्वी काबूलच्या काही मुस्लिम स्त्रिया वसंतात डोंगरावर सहलीला गेल्या होत्या. त्यांच्यातल्याच एकीने ती सहल लिहून ठेवली आहे. आणि त्या जे पाहायला निघाल्या होत्या, त्याचेही नाव 'रिवाज'च होते.

हा रिवाज म्हणजे रूढी नव्हे. ही एक डोंगरी वनस्पती आहे. आजचे काबूलकर तिला रवाश म्हणतात. आपल्या आंबट चुक्याच्याच कुळातली, पण अंगाने दांडगी. बर्फ वितळू लागले की डोंगराच्या उतारावर तिची रुंद, चुरगळलेली पाने जमिनीतून वर येतात. तिचे जाड देठ आंबट असतात. लोक ते सोलून, मीठ लावून कच्चेच खातात. थंडीचे दिवस संपल्याची ती पहिली खूण. आपल्याकडे कैरी बाजारात दिसली की ऋतू बदलल्याचे जिभेला आधी कळते, तसेच काहीसे.

ही हकीकत सांगणारी स्त्री म्हणजे गुलबदन बेगम. बाबराची मुलगी, हुमायूनची सावत्र बहीण, अकबराची आत्या. १५२३ च्या सुमारास ती काबूलमध्ये जन्मली. १५२९ मध्ये, सहा वर्षांची असताना, ती पहिल्यांदा हिंदुस्थानात आली. पुढे अकबराने तिला सांगितले की, बाबर आणि हुमायून यांच्याविषयी तुम्हाला जे आठवते ते लिहून काढा. अबुल फजल 'अकबरनामा' लिहिणार होता, त्यासाठी जुन्या माणसांच्या आठवणी गोळा करण्याचे काम चालू होते. साठी ओलांडलेल्या गुलबदनने साध्या फारसीत, मधूनमधून तुर्की शब्द पेरत, 'हुमायूननामा' लिहिला. त्याचे एकच हस्तलिखित माहीत आहे. ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि मध्येच तुटलेले आहे. ॲनेट बेव्हरिज या बाईंनी १९०२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे जगाला या पुस्तकाची नीट ओळख झाली.

दरबारी इतिहासकारांनी लिहिले ते लढाया, किल्ले, मनसबी आणि खिताब. गुलबदनने लिहिले ते घर. कोण कोणावर रुसले, कोणत्या लग्नात कोण कुठे बसले, मूल गेल्यावर आई कशी वागली, हे सगळे तिच्या पुस्तकात आहे. म्हणूनच रिवाजची ती सहलही फक्त तिच्याकडेच सापडते.

काळ होता हुमायूनच्या काबूलमधील वास्तव्याचा. शेरशाहने हिंदुस्थानातून हुसकल्यावर इराणपर्यंत भटकून तो १५४५ मध्ये काबूलला पोचला होता. भाऊ कामरानशी झगडा चालूच होता. काबूल हातचे जात होते, परत मिळत होते. अशा धामधुमीत एकदा बादशहा घरातल्या स्त्रियांमध्ये येऊन बसला असताना गोष्ट निघाली की, कोह दामनच्या डोंगरात आता रिवाज वर आला असेल. कोह दामन म्हणजे काबूलच्या उत्तरेचा, डोंगराच्या पायथ्याचा हिरवा पट्टा. शब्दशः अर्थ 'डोंगराचा पदर'. आपल्याला पाहायला जायचे आहे, असे बेगमांनी सुचवले. बादशहा त्याच वाटेने जाणार होता. तुम्हीही चला, म्हणाला.

पुढचे वर्णन वाचताना आपल्याला आपल्याच घरातली सहल आठवते. निघायची वेळ झाली तरी कोणीतरी तयार नाही. कोणाचा घोडा भलतीकडेच निघून गेला. बादशहा चिडला आणि म्हणाला, तुम्ही पुढे व्हा, मी जरा अफू घेतो, राग उतरला की येतो. थोडे अंतर जातात तोच तो मागून आला. रात्र चांदण्याची होती. गप्पा चालल्या होत्या, किस्से सांगितले जात होते, बरोबरच्या काही जणी हळू आवाजात गात होत्या. मुक्कामी पोचल्यावर पाहिले तर बाकीचे तंबू आलेच नव्हते, एकच आला होता. त्या एका तंबूत बादशहासकट सगळे रात्रीचे तीन प्रहर बसून राहिले आणि मग तिथेच झोपले.

सकाळी डोंगरावर जायचे, तर घोडे गावात. दुसऱ्यांचे घोडे मागवले, तर दोघी बेगमा अजून कपडे बदलत होत्या. मी जाऊन त्यांना घेऊन येते, असे म्हणून गुलबदन पळत गेली. तुम्ही मला कंटाळा आणलात, बादशहा किती वेळ थांबेल, असे त्यांना सुनावून घेऊन आली. तोवर ऊन चढले होते. आता वाटभर तापेल, असरच्या नमाजनंतर जाऊ, असे हुमायून म्हणाला. दुपार टळल्यावर सगळे निघाले. पायथ्याच्या सगळ्या उतारांवर रिवाजने पाने वर काढली होती. संध्याकाळ होईपर्यंत त्या डोंगरात हिंडत राहिल्या. मुक्काम तिथेच झाला. दुसऱ्या दिवशी बादशहा पहाटेच निघून गेला आणि वेगवेगळ्या चिठ्ठ्या पाठवल्या. ज्यांच्यामुळे उशीर झाला त्यांनी आपली चूक कबूल करून माफीनामा लिहावा, असा हुकूम. बेगमांनी तो लिहिलाही.

एवढीच गोष्ट. यात लढाई नाही, कट नाही, राज्याच्या दृष्टीने काहीही घडलेले नाही. तरी साठी ओलांडलेल्या बाईला, दरम्यान जवळजवळ चाळीस वर्षे लोटल्यावर, तंबू किती आले, घोडे कुठे होते, कोण कपडे बदलत होते, हे सगळे आठवत होते. माणसाला आयुष्यातले काय लक्षात राहते, याचा हा पुरावा आहे. आणि त्या दिवसांची किंमत तिला का वाटत असेल, तेही पुस्तकातच आहे. १५५१ मध्ये तिचा सख्खा भाऊ हिंदाल कामरानच्या माणसांशी झालेल्या रात्रीच्या चकमकीत मारला गेला. त्याच्याविषयी लिहिताना तिची लेखणी थरथरते. सगळे भाऊ, बहिणी, भावजया जिवंत असतानाचा एखादा चांदण्याचा प्रवास मागे वळून पाहताना किती उजळ दिसत असेल!

या सहलीचे मूळ तिच्या वडिलांच्या सवयीत होते. आपल्या मुलांना शाळेत बाबर शिकवला जातो तो पानिपतच्या तोफांसह, १५२६ सालासह. काबूलचा बाबर आपण शिकवतच नाही. १५०४ मध्ये काबूल घेतल्यापासून पुढची जवळजवळ वीस वर्षे हा माणूस दर वसंतात शहराबाहेर पडण्यासाठी धडपडत होता. त्याच्या आत्मचरित्रात काबूलच्या आसपासच्या फुलांचा हिशेब आहे. डोंगरात उगवणाऱ्या लाला, म्हणजे रानटी ट्यूलिप, किती जातींच्या आहेत हे त्याने मोजायला लावले, तर बत्तीस की तेहतीस प्रकार निघाले. त्यातल्या एकीला गुलाबासारखा वास येतो, हेही त्याने नोंदवले. राज्यकर्त्याने सैन्य मोजावे, महसूल मोजावा. याने फुले मोजली.

इस्तालिफ हे कोह दामनमधले गाव बाबराच्या विशेष आवडीचे. तिथे एक मोठी बाग होती. त्याचा चुलता उलुगबेग मिर्झा काबूलवर राज्य करीत असताना त्याने ती मालकांकडून जबरीने घेतली होती. बाबराने त्या मालकांना किंमत चुकती केली आणि मग ती बाग आपली म्हटली. बागेतून वाहणारा पाण्याचा पाट वेडावाकडा होता, तो सरळ करून घेतला. जवळच ख्वाजा सेह यारान, म्हणजे 'तीन मित्र', नावाचा झरा होता. त्याभोवती चिनार, बलूत आणि अर्गवान अशी तीन जातींची झाडे. तीन वलींची ही करामत, अशी लोकांची श्रद्धा. त्या तिघांत चिश्तिया परंपरेचे ख्वाजा मौदूद चिश्ती यांचेही नाव घेतले जाई. बाबराने तो झरा दहा बाय दहाच्या दगडी हौदात बांधून काढला, भोवती बसायला ओटे केले. अर्गवान फुलतो तेव्हा या जागेची बरोबरी करणारी दुसरी जागा जगात असेल असे त्याला वाटत नव्हते.

अर्गवानचे एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. पाने फुटण्याआधी त्याच्या उघड्या फांद्यांना गुलाबी-जांभळी फुले लगडतात. आपल्या पळसाचेही तसेच. पाने झडलेल्या काळ्या फांद्यांवर केशरी जाळ. रंग वेगळा, रीत तीच.

बाबराला मी पीर करून ठेवत नाही. ज्या १५१९ सालच्या रोजनिशीत बागा, सहली आणि मैफली पानापानावर आहेत, त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याने बाजौरच्या किल्ल्यात तीन हजारांवर माणसे कापली, असे तो स्वतःच लिहितो. त्याच्या सहलींमध्ये दारूही असे. १५२७ मध्ये खानव्याच्या लढाईआधी त्याने ती सोडली. फुले मोजणारा हात आणि तलवार चालवणारा हात एकाच माणसाचा होता. इतिहास शिकवताना दोन्ही हात दाखवावेत, असे मला वाटते. एकच दाखवला की मुले एक तर भक्त होतात, नाही तर वैरी.

आग्र्याला आल्यावर या माणसाला काबूलचा वसंत विसरता आला नाही. यमुनेकाठी त्याने बागा लावल्या. काबूलहून आलेले खरबूज कापताना डोळ्यांत पाणी आले, असे त्याने १५२९ मध्ये ख्वाजा कलान या जुन्या सोबत्याला कळवले. गुलबदन सांगते की, आग्र्याच्या बागेत सहलीला गेले असताना बाबर म्हणाला, राज्य करून मन थकले आहे, आता या बागेतच राहावे. ही बाग पाहायला तो एकटा गेला नव्हता. घरातल्या स्त्रिया आणि मुली बरोबर होत्या, सहा-सात वर्षांची गुलबदनही त्यांत होती. धोलपूर, सिक्री इथेही तो त्यांना घेऊन गेला.

इथे प्रश्न येतो. या स्त्रियांना हे स्वातंत्र्य कुठून आले? बादशहाने मेहरबानी केली म्हणून? तसे दिसत नाही. तैमूरच्या घराण्यात ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते. तंबूत राहणाऱ्या, ऋतूप्रमाणे कुरणे बदलणाऱ्या लोकांचा हा वारसा. तिथे स्त्री घोड्यावर बसली नाही तर मुक्काम हलणार कसा? १४०४ मध्ये स्पेनच्या राजाचा वकील क्लाविखो समरकंदला आला होता. शहराबाहेरच्या बागांमध्ये, तंबूंमध्ये तैमूरच्या बेगमा स्वतः मेजवान्या देत होत्या आणि परदेशी पाहुण्यांना बोलावत होत्या, हे त्याने आश्चर्याने लिहून ठेवले आहे. त्या मुस्लिम होत्या. नमाज पढत होत्या. असरच्या नमाजनंतर डोंगर चढायला निघणाऱ्या गुलबदनच्या मनात नमाज आणि सहल यांच्यात काही भांडण नव्हते.

मग भिंती कधी आल्या? रुबी लाल या इतिहासकार बाईंनी २००५ मध्ये आलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात हाच शोध घेतला आहे. त्या दाखवून देतात की, मुघल जनानखाना म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जी दगडी, बंदिस्त वास्तू येते ती बाबर-हुमायूनच्या काळी नव्हतीच. ती अकबराच्या काळात घडली. १५७१ पासून फतेहपूर सिक्री उभी राहिली, राज्य स्थिर झाले, वैभव वाढले आणि त्याबरोबर स्त्रियांच्या महालाभोवती पहाऱ्याची कडी उभी राहिली. 'आईन-ए-अकबरी'त त्याची व्यवस्था आहे. आत स्त्रिया पहारेकरी, त्यांच्या बाहेर खोजे, त्याबाहेर राजपूत शिपाई. राज्य भटके होते तेव्हा स्त्रिया मोकळ्या होत्या. राज्य श्रीमंत झाले आणि अब्रू भिंतीत मोजली जाऊ लागली. म्हणजे ज्याला आपण 'जुना रिवाज' म्हणतो, तो पुष्कळदा मोकळेपणानंतर आलेला असतो. नंतर आलेला पाहुणा घराचा मालक असल्याच्या थाटात बोलू लागतो.

गुलबदनने या भिंतीही मुकाट्याने मान्य केल्या नाहीत. पन्नाशी ओलांडल्यावर तिने हजला जायचे ठरवले. सलीमा सुलतान बेगम आणि राजघराण्यातील इतर स्त्रियांचा काफिला घेऊन १५७६ मध्ये ती सुरतेहून जहाजाने निघाली. आपल्या महाराष्ट्राला लागून असलेले हेच ते बंदर. अरबस्तानात तिने काही वर्षे काढली, परतताना एडनजवळ जहाज फुटले, तिथे अडकून पडावे लागले. १५८२ मध्ये हा काफिला फतेहपूर सिक्रीला परतला. त्यानंतर काही वर्षांनी 'हुमायूननामा' लिहिताना ती रिवाजच्या डोंगराकडे वळून पाहत होती. १६०३ मध्ये ती वारली, तेव्हा अकबराने तिच्या जनाज्याला खांदा दिला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या सगळ्या बेगमा होत्या. तंबू उभारणारे, घोडे आणणारे, स्वयंपाक करणारे यांची नावे कोणी लिहिली नाहीत. 'दुसऱ्यांचे घोडे मागवले' असे एका वाक्यात सांगून होते. ज्यांचे घोडे गेले ते त्या दिवशी कसे गेले, हे कोणी विचारले नाही. दासींनी रिवाज पाहिला तो पाण्याचे भांडे हातात घेऊनच. इतिहासातले स्वातंत्र्य नेहमीच सगळ्यांच्या वाट्याला आलेले नसते. पण एकीला मिळाले होते, हेही खोटे ठरत नाही. आणि जे एकीला मिळाले होते ते 'आपल्यात' नव्हतेच, असे म्हणता येत नाही.

बाबर १५३० च्या डिसेंबरमध्ये आग्र्याला वारला. आधी तिथेच यमुनेकाठी त्याला दफन केले गेले. काही वर्षांनी त्याचा देह काबूलला नेण्यात आला आणि डोंगराच्या उतारावरील त्याच्याच बागेत त्याला पुरले. हीच आजची बाग-ए-बाबर. हिंदालही तिथेच आहे. हिंदालची मुलगी आणि अकबराची बेगम रुकैया हिचीही कबर तिथे आहे. जहाँगीर १६०७ मध्ये काबूलला गेला, तेव्हा त्याने या कबरीकडे लक्ष दिले. शाहजहानने जवळ संगमरवरी मशीद बांधली. पुढे काळ फिरला. इस्तालिफ १८४२ मध्ये इंग्रजांच्या फौजेने जाळले. १९९२ नंतरच्या यादवीत बाग-ए-बाबर ही दोन फौजांमधली जागा झाली. झाडे तुटली, जळाली, पाण्याचे पाट बंद पडले, जमिनीत सुरुंग पेरले गेले. २००३ च्या सुमारास आगाखान ट्रस्टने ती पुन्हा उभी करायला घेतली. मातीच्या भिंती बांधल्या, पाट वाहते केले, झाडे लावली. काबूलची कुटुंबे पुन्हा शुक्रवारी चटया, थर्मास आणि पोरेबाळे घेऊन तिथे येऊ लागली. चारिकारजवळच्या टेकडीवर दर एप्रिलमध्ये अर्गवान पाहायला गर्दी होऊ लागली.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबान परत आले. २०२२ च्या मार्चमध्ये नवरोजची सरकारी सुट्टी राहिली नाही. त्याच महिन्यात काबूलच्या बागांमध्ये पुरुषांचे दिवस वेगळे, स्त्रियांचे वेगळे, असा हुकूम निघाला. म्हणजे नवरा, बायको आणि मुले एकत्र सहलीला जाण्याची सोय संपली. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्त्रियांना बागांची दारेच बंद झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये बामियानच्या बंद-ए-अमीर या निळ्या तळ्यांच्या राष्ट्रीय उद्यानातही स्त्रियांनी जाऊ नये, असे सांगण्यात आले. कारण दिले गेले ते धर्माचे आणि परंपरेचे.

कोणाची परंपरा? ज्या बागेत बाबर झोपला आहे, त्या बागेच्या दारावरून त्याच्या मुलीच्या वयाच्या मुलींना परत पाठवायचे, ही त्या बागेची परंपरा नाही. ज्या कोह दामनमध्ये गुलबदन डोंगर चढली, तिथल्या मातीची ही परंपरा नाही. पावणेपाचशे वर्षांपूर्वीचा लिखित पुरावा, तोही एका हाजी स्त्रीच्या हातचा, याच्या उलट साक्ष देतो. आपण आपला इतिहास वाचत नाही म्हणून दुसरे कोणी आपल्याला तो सांगतात. कोणी सांगतात, तुमच्या इतिहासात तलवारीशिवाय काही नाही. कोणी सांगतात, तुमच्या इतिहासात पडद्याशिवाय काही नाही. दोघांचेही फावते, कारण गुलबदन कोणी उघडतच नाही.

त्या पालकांना मी दोन दिवसांनी पुन्हा बोलावले. स्टाफरूममध्ये चहा मागवला आणि ही गोष्ट, अगदी माफीनाम्यासकट, त्यांना सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते. बेगमांना तयार व्हायला उशीर झाला तिथे हसलेही. मग म्हणाले, "लेकिन आपा, बादशाह साथ में था."

मुद्दा बिनतोड होता. मी म्हटले, "भाईजान, तर तुम्हीही चला."

ते आले नाहीत. त्यांची कामाची खोटी झाली असती. पण त्या सकाळी मुलीबरोबर तिची अम्मी आली. बुरख्यातली, कमी बोलणारी बाई. वाटेत दोन-तीन मुलींनी पळसाच्या झाडाखाली पडलेली फुले वेचायला सुरुवात केली, तेव्हा त्या पुढे झाल्या. फुले राहू द्या, म्हणाल्या, पाने फुटली की मग या. आणि मग त्यांनी सगळ्या मुलींना, हातात पाने नसतानाही, बोटे हलवून पत्रावळ कशी टाचतात ते दाखवले. लहानपणी आजीबरोबर त्या दर उन्हाळ्यात रानात जायच्या. पळसाची पाने तोडायची, पत्रावळी लावायच्या, बाजारात विकायच्या. लग्न होऊन गावात आल्यावर सगळे सुटले. नवऱ्याचा धंदा बरा चालू लागला, आणि मग बाहेर पडायचे कारणच उरले नाही.

म्हणजे त्या घरात रिवाज होता. एकाच पिढीमागे होता. घर जरा बरे चालू लागल्यावर तो मोडला, आणि मोडलेल्याचेच नाव रिवाज पडले. फतेहपूर सिक्रीत जे झाले तेच आमच्या गल्लीत, लहान प्रमाणात, झाले होते.

असरच्या आत आम्ही परतलो. एक मुलगी मात्र उशिरा आली, चप्पल ओढ्यात वाहून गेली म्हणून. दुसऱ्या दिवशी मी तिला माफीनामा लिहायला सांगितला. तिने तो दीड पान लिहिला. त्यात माफी दोन ओळींची होती, बाकी सगळा पळस होता.